लिनक्स: सस्पेंडनंतर लॅपटॉप जागा होत नाही, स्क्रीन काळीच राहते

प्रश्न

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. झाकण मिटल्यावर तो सस्पेंड होतो, म्हणजे झोपी जातो, आणि पॉवरचा दिवा मंदपणे लुकलुकू लागतो. झाकण उघडल्यावर पंखा फिरतो, दिवा स्थिर होतो, पण स्क्रीन काळीच राहते. त्या अवस्थेत कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा बदलत नाही आणि दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (नेटवर्कवरून यंत्र हाताळण्याच्या सोयीने) जोडणीही होत नाही. शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागते आणि न साठवलेले काम जाते. पुन्हा सुरू केल्यावर मागील बूटच्या जर्नलमध्ये (यंत्राच्या घडामोडींच्या नोंदवहीत) ‘सस्पेंड एंट्री (डीप)’ ही शेवटची ओळ दिसते. यावरून यंत्र झोपी जातानाच अडकते असे समजावे का? कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अलीकडच्या अपडेटपर्यंत सारे सुरळीत चालत होते.

पहिले उत्तर

त्या शेवटच्या ओळीवरून तसा निष्कर्ष काढू नये. सस्पेंडच्या सुरुवातीलाच कर्नल सर्व प्रोग्राम गोठवतो, आणि जर्नल लिहिणारा प्रोग्रामही त्यांतच असतो. त्यामुळे पुढे जे घडते ते यंत्र नीट जागे झाले तरच डिस्कवर पोहोचते. झोपताना अडकले काय किंवा जागे होताना अडकले काय, जर्नल दोन्ही वेळा त्याच ओळीवर थांबलेले दिसेल. कॅप्स लॉकची आपली नोंद मात्र मोलाची आहे. तो दिवा बदलत असता आणि एसएसएच लागत असते, तर कर्नल जिवंत असून केवळ ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनचे उपकरण चालवणारा कर्नलचा भाग) परतलेला नाही असे म्हणता आले असते. येथे बहुधा कर्नलच थांबलेला आहे.

प्रथम ग्रबच्या (यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून जुना कर्नल निवडून तोच प्रयोग करावा. त्यावर सस्पेंड चालत असेल तर फर्मवेअरविषयीची (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरविषयीची) शंका पुष्कळच कमी होते. त्यानंतर ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल वाचावी. तिच्यात ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ असे पर्याय असतात आणि चालू पर्याय चौकटी कंसात दिसतो. ‘डीप’ म्हणजे एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातील एस३ अवस्था. तिच्यात मेमरी वगळता जवळजवळ सर्व भागांची वीज तुटते आणि जागे करण्याचे पहिले काम फर्मवेअरकडे असते. ‘एस२आयडल’मध्ये सूत्रे कर्नलच्याच हाती राहतात. त्या पर्यायाने काम भागले तरी शोध थांबवू नये, कारण अनेक यंत्रांवर त्यात बॅटरी अधिक खर्च होते आणि मूळ दोष तसाच राहतो.

खरे साधन आहे ते ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’. कर्नल ज्या क्रमाने झोपतो, त्याच क्रमाने ‘फ्रीझर’, ‘डिव्हायसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ आणि ‘कोर’ अशा त्याच्या पातळ्या आहेत. या फाइलीत एक पातळी लिहून मग ‘/सिस/पॉवर/स्टेट’मध्ये ‘मेम’ लिहिले की कर्नल तेवढ्याच टप्प्यापर्यंत जातो, साधारण ५ सेकंद थांबतो आणि परत येतो. ज्या पातळीवर तो प्रथम परतणार नाही, तेथे दोष शोधावा. चाचणीपूर्वी सर्व काम साठवून ठेवावे आणि शेवटी फाइलीत ‘नन’ लिहावे, नाहीतर पुढचे प्रत्येक सस्पेंड चाचणीच ठरेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

जुन्या कर्नलवर सस्पेंड व्यवस्थित होते. नव्यावर ‘फ्रीझर’ची चाचणी पार पडली, पण ‘डिव्हायसेस’ला यंत्र थांबले. आता कोणते उपकरण दोषी आहे हे कसे ओळखावे? एकेक मॉड्यूल (कर्नलमध्ये घालता-काढता येणारा ड्रायव्हरचा भाग) काढून पाहणे फार वेळखाऊ वाटते.

दुसरे उत्तर

तसे करण्याची गरज नाही. बूट करताना कर्नलला ‘नो_कन्सोल_सस्पेंड’ हा पर्याय द्यावा, ‘/सिस/पॉवर/पीएम_असिंक’मध्ये ० आणि ‘पीएम_प्रिंट_टाइम्स’मध्ये १ लिहावे, आणि चाचणी ग्राफिकल सत्राऐवजी मजकुराच्या कन्सोलवरून करावी. एरवी कर्नल अनेक उपकरणे एकाच वेळी झोपवतो, त्यामुळे शेवटचा संदेश ज्या उपकरणाचा असेल तेच दोषी असते असे नाही. ० लिहिल्यावर ती एकामागून एक घेतली जातात आणि स्क्रीनवरची शेवटची ओळ भरवशाची ठरते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

शेवटची ओळ मेमरी कार्ड वाचकाच्या ड्रायव्हरची होती. त्याचे मॉड्यूल काढल्यावर ‘डिव्हायसेस’पासून ‘कोर’पर्यंतच्या चाचण्या पार पडल्या आणि खरे सस्पेंडही झाले. मॉड्यूल कायमचे बंद ठेवावे का?

दुसरे उत्तर

कार्ड वाचक वापरात असेल तर नको. ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप’ या निर्देशिकेत एक छोटी स्क्रिप्ट ठेवून तिला चालवण्याची परवानगी द्यावी. सिस्टमडी (यंत्रावरील सेवा सांभाळणारा प्रोग्राम) तिला झोपण्यापूर्वी ‘प्री’ आणि जागे झाल्यावर ‘पोस्ट’ असा शब्द देते. ‘प्री’ला मॉड्यूल काढावे आणि ‘पोस्ट’ला पुन्हा घालावे. तपासताना ‘सिस्टमसीटीएल सस्पेंड’ वापरावे, कारण थेट ‘स्टेट’ फाइलीत लिहिल्यास ही स्क्रिप्ट चालतच नाही.

मात्र हा तात्पुरता उपाय आहे. जुन्या कर्नलवर चालणारे नव्यावर बिघडले, तर कर्नलचे विकासक त्याला रिग्रेशन (नव्या बदलाने आलेला बिघाड) मानतात आणि अशा तक्रारींकडे विशेष लक्ष देतात. नव्यात नव्या मेनलाइन कर्नलवर (विकासकांच्या मूळ आवृत्तीवर) दोष कायम आहे का ते पाहून, दोन्ही कर्नलांच्या आवृत्त्या आणि ती शेवटची ओळ यांसह ड्रायव्हरच्या देखभालकर्त्यांना कळवावे. जमत असेल तर गिट बायसेक्टही करावे, म्हणजे बदलांची यादी अर्धी-अर्धी करत दोषी बदल शोधावा. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजार बदल असले तरी दरवेळी निम्मे वगळत गेल्याने सुमारे १४ वेळा कर्नल बांधून दोषी बदल हाती लागतो. येथे प्रत्येक वेळी ‘डिव्हायसेस’ची चाचणी पुरेशी आहे, झाकण मिटून वाट पाहावी लागणार नाही.