वस्तरा ओढतोय? आधी पट्टा बघा

नवा वस्तरा दाढी कापत नाही, नुसता ओढतो, असं तुम्ही लिहिलंय. वस्तरा बदलायच्या आधी, धार नीट करायच्या पट्ट्यावरचा हात तपासा. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ (पात्याची जाड, बोथट बाजू) पुढे जाते, धार मागून घसटत येते, आणि टोकाला पोचलं की पाठीवरच पलटायचं. मी पहिल्या आठवड्यात धारेवर पलटत होतो. पट्ट्याला चांगला बोटभर काप गेला, धार बोथट झाली ती वेगळीच. सहाणेवर मात्र उलट, तिथे धार पुढे. शिवाय नवे वस्तरे बरेचदा दाढीच्या धारेचे नसतातच, एकदा जाणकाराकडून धार लावून घ्या.

कोन साधारण ३० अंश. मोजायचा कसा? पातं गालावर आडवं टेकवा आणि पाठ तिच्याच जाडीच्या दुप्पट उचला. आमचे इंदूरचे न्हावीकाका (तेही आता अर्धं ब्लेडच लावतात म्हणा) माझी घाई ऐकून एवढंच म्हणाले, ‘भिया, पहले गाल तानो, हाथ बाद में चलाओ.’ खरंच, डाव्या हाताने कानाजवळची कातडी वर ओढली आणि वस्तऱ्याचं ओढणं निम्म्यावर आलं. केसांच्या दिशेनेच, हलक्या हाताने.

पहिला महिना फक्त गाल करा. हनुवटी आणि मिशीखालची जागा साध्या रेझरने. मी तिथेच दोनदा तुरटी शोधत फिरलोय. आणि पावसाळ्यात पातं पुसून तेलाचा हात द्यायला विसरू नका, आमच्या न्हाणीघरात दोन दिवसांत डाग पडले होते.