शब्दचर्चा : मिरवायचा सिनेमा, कसाचा सिनेमा

सांजवात :
मंडळी, दिवाळीत आमच्याकडे ५५ इंची फोर-के टीव्ही आला. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी दहा मिनिटं टीव्ही दाखवला जातो. टीव्हीवरचा कार्यक्रम नव्हे, टीव्ही. त्यासाठी नवऱ्याने तीन-चार सिनेमे हेरून ठेवलेत, आणि त्यांतले प्रसंग कुठल्या मिनिटाला येतात तेही त्याला पाठ आहे. धाकटा दीर अशा सिनेमाला ‘डेमो मटेरियल’ म्हणतो, त्याचा मित्र ‘रेफरन्स डिस्क’. मराठीत काय म्हणावं?

उपप्रश्न: सोबतच्या माहितीपुस्तिकेत ‘हाय डेफिनिशन’चं मराठी ‘उच्च व्याख्या’ आणि ‘रिझोल्यूशन’चं ‘ठराव’ असं छापलंय. ३८४० × २१६० ठिपक्यांचा ठराव कुठल्या ग्रामसभेत मंजूर झाला, ते मात्र दिलेलं नाही.

जुनाटचष्मा :
ठरावावर हसलो. ‘उच्च व्याख्या’ मात्र वाटते तितकी परकी नाही. डेफिनिशनच्या पोटात लॅटिन ‘फिनिस’ आहे, म्हणजे हद्द. व्याख्या शब्दाची हद्द आखते, चित्रातलं डेफिनिशन वस्तूची: नाक कुठे संपतं आणि मागची भिंत कुठे सुरू होते. आपण चांगल्या नाकाडोळ्याच्या माणसाला ‘रेखीव’ म्हणतो तेव्हा हेच म्हणत असतो. माझं मत ‘रेखीव’ला. रिझोल्यूशनला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘विभेदन’ आहे. जवळजवळचे दोन ठिपके दोन म्हणून दिसणं. शब्द नेमका आहे, पण बैठकीच्या खोलीत कोणी उच्चारणार नाही.

आणि ‘उच्च’चं काय घेऊन बसलात! २ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचं नियमित प्रक्षेपण सुरू झालं. त्यातल्या ४०५ आडव्या रेघांनी बनलेल्या चित्रालाही तेव्हा हाय डेफिनिशनच म्हणत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं ते ६२५ रेघांवर, आणि त्याला कोणी एचडी म्हटलं नाही. आम्ही गच्चीवर अँटेना फिरवत ‘आलं का? आता आलं का?’ ओरडायचो, तेवढीच आमची डेफिनिशन.

पडदेवाला :
तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो, सोळा वर्षं. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता: प्रिंट. प्रिंट कोरी आहे. प्रिंट घासलीय. उभ्या रेघा पडायला लागल्या की प्रिंटवर पाऊस पडतोय. पुढे सीडीचा जमाना आला तरी गिऱ्हाईक विचारायचं, “मास्टर प्रिंट आहे ना? थेटर प्रिंट नको.” थेटर प्रिंट म्हणजे कोणीतरी मांडीवर कॅमेरा ठेवून चोरलेली, मधूनच पुढच्या रांगेतलं डोकं उठून लघवीला जायचं. आता नातू फोनवर सिनेमा बघतो. ना रीळ, ना छपाई, तरी म्हणतो, “आजोबा, प्रिंट एकदम क्लिअर आहे.”

तेव्हा मराठी शब्द सापडेपर्यंत ‘चांगल्या प्रिंटचा सिनेमा’ म्हणा. सगळ्यांना कळेल.

खडीसाखर :
ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर ‘मिरवणे’. मिरवायचा सिनेमा. पालखी मिरवते, घोड्यावरचा नवरदेव मिरवतो, नव्या पैठणीत बाई मिरवते. इंग्रजी ‘शो ऑफ’मध्ये जी कुचकी छटा आहे, ती यात नाही. ती हवी असेल तर आपल्याकडे ‘शायनिंग मारणे’ आहे, ‘फुशारकी’ आहे, ‘तोरा’ आहे. फरक असा की फुशारकी समोरच्याला ऐकून घ्यावी लागते, मिरवणुकीत तो आपणहून सामील होतो.

आणि शब्दाचं घराणंही थोर आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात गणेशरूप शब्दब्रह्माचं वर्णन करताना ‘जेथ वर्णवपु निर्दोष । मिरवत असे’ असं आहे. तिथे वर्ण म्हणजे अक्षरं. पण वर्ण म्हणजे रंगसुद्धा! निर्दोष रंगांची काया मिरवतेय. टीव्हीच्या खोक्यावर छापायला याहून चांगलं वाक्य सापडेल का?

जुनाटचष्मा :
ओढूनताणून आहे, पण आवडलं.

न्यूजर्सीकर :
‘मिरवायचा’ला माझंही मत, पण तो अर्ध्याच प्रश्नाला पुरतो. डेमो आणि रेफरन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही इथले हौशी लोकसुद्धा त्यांची सतत गल्लत करतो. पाहुण्याला खूश करायला लावतो तो एक सिनेमा. टीव्ही खरा किती पाण्यात आहे ते बघायला लावतो तो वेगळा.

पहिल्यासाठी ‘वानगी’ हा शब्द पडून आहे. पोत्यातून मूठभर गहू काढून दाखवतात ती वानगी. ‘वानगीदाखल’ एवढ्याच रूपात आपण तो निबंधांत जिवंत ठेवलाय. ‘बराका’ (१९९२) हा सिनेमा ही वानगी. संवाद नाहीत, कथा नाही, २४ देशांत ७० मिमीच्या रुंद फिल्मवर केलेलं चित्रण. २००८ च्या ब्लू-रेसाठी (डीव्हीडीनंतरची, जास्त रेखीव चित्राची तबकडी) ते आठ-केमध्ये, म्हणजे फोर-केच्या चौपट ठिपक्यांत, स्कॅन केलं होतं. कुठूनही लावा, पाहुणे गप्प. पण तो जवळजवळ कुठल्याही टीव्हीवर देखणाच दिसतो, त्यामुळे टीव्हीबद्दल फारसं सांगत नाही.

दुसऱ्यासाठी ‘कस’. सोनार काळ्या दगडावर सोनं घासून रेघ बघतो, तसा सिनेमा. माझा कसाचा सिनेमा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२). विहिरीपाशी दोघं थांबलेत आणि लांब मृगजळातून एक उंटस्वार येतोय. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी हा प्रसंग ४८२ मिमीच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या भिंगातून टिपला. सुरुवातीला तो स्वार म्हणजे थरथरत्या हवेतला नुसता ठिपका. आमच्या जुन्या डीव्हीडीवर तो बराच वेळ नव्हताच. पात्रं कुठे बघतायत तेच कळायचं नाही. २०१२ साली आठ-के स्कॅनवरून केलेल्या फोर-के जीर्णोद्धारात तो आधीपासून तिथे असतो. फुल एचडीत पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-केत सुमारे ८३ लाख. त्यांतले चार-पाच त्या स्वाराच्या वाट्याला आले की सिनेमाचा अर्थच बदलतो. थांबलेली माणसं काय बघतायत ते आपल्यालाही दिसतं, आणि मग भीती वाटते.

सांजवात :
वानगी आणि कस. वहीत लिहून ठेवले. नवऱ्याचे चारही सिनेमे वानगीतले निघाले, त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता पुढची अडचण. दुकानात भिंतभर टीव्ही एकाच वेळी पोपट दाखवत होते, त्यांत आमचा सगळ्यांत उठून दिसला म्हणून घेतला. घरी लावला तर बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड भर उन्हात तिखट मिरची खाल्ल्यासारखं. दिराने चित्राच्या सेटिंगमधला ‘व्हिव्हिड’ मोड काढून ‘फिल्ममेकर’ मोड लावला. पहिला आठवडा सगळं पिवळट वाटलं, आता तेच बरोबर वाटतं आणि शेजाऱ्यांचा टीव्ही निळा दिसतो. या व्हिव्हिडला काय म्हणायचं?

खडीसाखर :
भडक! दुसरं काय?

इथे मराठी फार श्रीमंत आहे हो. रंगाला चिकटणारे आपले जोडशब्द नुसता ‘खूप’ एवढाच अर्थ देत नाहीत. पोपटाची चोच लालचुटुक, संतापलेला चेहरा लालबुंद, आणि दुकानातला टीव्ही लालभडक. तिन्ही गडद लालच, पण पहिला डोळ्याला गोड लागतो, दुसऱ्यात रक्त आहे आणि तिसऱ्याने डोळे दुखतात. पांढऱ्याचंही तेच. धुतलेलं धोतर पांढरंशुभ्र, घाबरलेला माणूस पांढराफटक. ज्या आभाळातले ढगच उडून गेलेत, नुसता कागद उरलाय, ते पांढरंफटक. शुभ्र आभाळात ढगावर ढग वेगळा दिसतो.

काळ्याची तर खाणच आहे. काळाकुट्ट म्हणजे ज्यात काहीच सापडत नाही. काळेभोर केस म्हणजे काळ्यातसुद्धा बट वेगळी दिसते. काळाकुळकुळीत म्हणजे वर तुकतुकी. कुठल्याही टीव्हीची जाहिरात काळ्याकुट्टावर थांबते. मागावा तो काळाभोर.

न्यूजर्सीकर :
काळाकुट्ट आणि काळाभोर! हा भेद इंग्रजीत समजवायला मला अख्खा परिच्छेद लागतो.

काळ्याच्या कसाला ‘तुंबाड’ (२०१८) लावा. पंकज कुमार यांचं छायाचित्रण. कोकणातला पाऊस, वाडा, कंदील, आणि कंदिलापलीकडे जे आहे ते. साध्या एलसीडीत मागचा दिवा पूर्ण विझत नाही, त्यामुळे तिथला अंधार करडा होतो, राखेसारखा. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो आणि स्वतःच विझतो. मधल्या जातीच्या टीव्हीत मागचे दिवे गटागटाने मंद होतात. मग कंदिलाभोवती नको तेवढा उजेड सांडतो. याला इंग्रजीत ब्लूमिंग म्हणतात. फूल उमलल्याचा शब्द दोषाला का दिला, कोण जाणे.

पडदेवाला :
त्याला खळं म्हणा की. चंद्राला पडतं तसं.

सांजवात :
वा, काका!

जुनाटचष्मा :
खळं ठरलं. आता माझा आवडता विषय. ‘जुना सिनेमा नव्या टीव्हीवर खरखरीत दिसतो, बिघाड आहे का?’ असं मला महिन्यातून दोनदा तरी कोणी विचारतं. बिघाड नाही. फिल्मवर चित्र उमटतं तेच चांदीच्या क्षारांच्या कणांमुळे. डार्करूमवाले त्याला दाणा म्हणत. मी ‘रवाळ’ म्हणेन. घरच्या लोण्याचं तूप रवाळ निघालं की कोणी दुकानात परत करत नाही. याउलट कमी उजेडात मोबाइलने काढलेल्या व्हिडिओत वळवळतं ते वेगळं. त्याला जुना घरगुती शब्द आहेच: मुंग्या. रवा चित्राच्या आत असतो, मुंग्या चित्रावर फिरतात.

रवा काढायला गेलं की काय होतं ते बघायचं असेल तर ‘प्रिडेटर’ची २०१० ची ब्लू-रे आठवा. दाणे पुसता पुसता घाम, ओरखडे, दाढीचे खुंट, सगळं पुसलं गेलं आणि जंगलात मेणचट चेहऱ्यांचे पुतळे हिंडू लागले.

कृष्णधवलात तर रवा हाच रंग. ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत जळाली. जी वाचली त्या पट्ट्या हाताने दुरुस्त करून २०१५ मध्ये फोर-के प्रत झाली. काशफुलांमधून मुलं आगगाडी बघायला धावतात तो प्रसंग लावा. तुरा न् तुरा वेगळा, आणि तरी सगळं रवाळ. मिरवायला मी हाच लावतो. पाहुणे ‘रंगीत नाही का?’ विचारतात, विचारोत.

खडीसाखर :
एक दुरुस्ती. मेणचट म्हणजे स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणांवर बसतो तो चिकट थर. तुमच्या चेहऱ्यांवरचं तर सगळं घासून काढलंय. ते मेणचट कसे? ‘मेणाचे’ म्हणा.

जुनाटचष्मा :
मान्य. मेणाचे. बायकोने वाचलं, तीही हेच म्हणाली, आणि आमच्या बटणांकडे बोट दाखवलं.

न्यूजर्सीकर :
आणखी दोन दोष, नावाविना. एक: ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये लास व्हेगासचं अख्खं आकाश केशरी धुळीचं आहे. रंगाच्या नोंदीला आठ बिट दिले तर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मिळतात, दहा बिट दिले तर १०२४. छटा कमी पडल्या की केशरी सलग न उतरता टप्प्याटप्प्याने उतरतो. दोन: सेकंदाला २४ चौकटींच्या सिनेमात टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या चौकटी घुसडतो, आणि लाखो डॉलरचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. हे बंद करा म्हणून २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढला होता.

खडीसाखर :
पहिल्याला ‘पायऱ्या’. दुसऱ्याला ‘बुळबुळीत’, भेंडीसारखं.

पडदेवाला :
आमच्या मशीनला असली बटणं नव्हती. चोवीस म्हणजे चोवीस. पब्लिक मात्र खुर्च्या फाडायचं.

सांजवात :
कालची हकिकत सांगते. आत्या आल्या होत्या, वय ८१, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. नवरा त्याच्या ठरलेल्या सिनेमातला हत्तींचा प्रसंग लावायला निघाला, मी त्याच्या हातून रिमोट घेतला आणि ‘लॉरेन्स’ची विहीर लावली. वर-खाली काळे काठ बघून आत्यांनी विचारलं, “पैसे पूर्ण घेतले ना दुकानदाराने? मग पडदा पूर्ण का नाही?” मी म्हटलं, “आत्या, सिनेमाच तेवढा रुंद आहे, जरा बघा तर.” वाळवंट. शांतता. दोघं लांब कुठेतरी बघतायत. आत्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, पुढे वाकल्या, आणि पदराचं टोक हातात घेऊन उठल्या.

“अगं, नवा टीव्ही ना? पुसत जा. मधोमध केवढा धुळीचा कण बसलाय.”