गंजून अडकलेला लोअर आर्मचा बोल्ट कसा काढावा? मदत हवी आहे

रत्नागिरीतील खाऱ्या हवेत वाढलेल्या आमच्या १९९८ च्या मारुती झेनचा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बदलायचा आहे. नट सुटला, परंतु बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातील रबरी तुकड्याच्या) आतील लोखंडी नळीशी गंजाने एकजीव झाल्यामुळे तो फिरवला की रबरासकट फिरतो आणि पुन्हा मागे येतो. गंज सोडवणारे तेल त्या नळीत पोहोचतच नाही. गॅसच्या ज्योतीने तापवावे, तर रबर पेट घेईल. हातोड्याचे घाव मला मुळीच पटत नाहीत, कारण आर्म धरून ठेवणारे सांगाड्यावरील ब्रॅकेट वाकले तर चाकांचे अलाइनमेंट कायमचे बिघडेल. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधील फटीतून करवतीच्या पात्याने बोल्ट दोन्ही बाजूंनी कापणे कोणी ब्रॅकेटला धक्का न लावता साधले आहे का? तसेच नवीन हाय-टेन्साइल बोल्टला गंजरोधक ग्रीस लावल्यास टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) किती कमी ठेवावा, हेही कृपया सांगावे.