लिफ्टमध्ये न बोलणारा मुलगा आणि कॅव्हेंडिश

बी-३०२: आमचा मुलगा लिफ्टमध्ये कुणाशी बोलत नाही म्हणून काल कुणीतरी त्याला शिष्ट म्हणालं. शिष्ट नाहीये हो तो, फार लाजतो. त्याच्या कानावर गेलं, रात्री नीट जेवलासुद्धा नाही.

ए-१०१ काका: अगं, त्याला हेन्री कॅव्हेंडिशची गोष्ट सांग. मी शाळेत दरवर्षी सांगायचो. १७३१ चा जन्म, लंडनमध्ये राहायचा. हायड्रोजन हा वेगळा वायू आहे हे १७६६ मध्ये यानेच दाखवलं. पैसा अमाप, पण माणूस दिसला की पळ काढायचा. जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचा. एकदा जिन्यात झाडू-बादली घेतलेली मोलकरीण समोर आली, तर पठ्ठ्याने घराला मागून वेगळा जिना बांधून घेतला!

सी-५०१: 😂😂 खरं का काका?

ए-१०१ काका: जॉर्ज विल्सनने १८५१ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं, त्यात असे कितीतरी किस्से आहेत. जेवायला नेहमी मटणाची तंगडी. एकदा पाहुणे येणार होते. स्वयंपाकाची बाई म्हणाली, पाच जणांना एक तंगडी पुरायची नाही. हा म्हणाला, मग दोन करा.

बी-२०४: दोन करा 🤣 आमच्या ह्यांचं उत्तरही हेच असतं.

वॉचमन केबिन: पाण्याचा टँकर आला आहे. गेटसमोरची पांढरी गाडी काढावी.

बी-३०२: मुलगा शेजारी बसून वाचतोय. विचारतोय, ह्यांनीच पृथ्वीचं वजन केलं ना?

ए-१०१ काका: शाब्बास! हो, हाच तो. १७९८ चा निबंध. मूळ उपकरण जॉन मिशेल नावाच्या शास्त्रज्ञाचं, तो वारल्यावर ते कॅव्हेंडिशकडे आलं. तारेला टांगलेला आडवा दांडा, त्याच्या दोन टोकांना शिशाचे छोटे गोळे, आणि त्यांच्याजवळ आणायचे दोन मोठे गोळे, एकेक जवळजवळ १५८ किलोचा. मोठे गोळे छोट्यांना ओढतात, पण ती ओढ इतकी नाजूक की माणूस खोलीत शिरला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलून सगळं बिघडायचं. म्हणून हा खोलीबाहेर उभा राहून भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने बघायचा. त्या ओढीवरून हिशेब करून उत्तर आलं: पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या गोळ्यापेक्षा इतकी पट जड. आजचा आकडा ५.५१. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, एका लाजाळू माणसाने! माझ्या अंगावर अजून काटा येतो.

सी-५०१: मग ह्यांच्याशी बोलायचं तरी कसं लोकांनी?

ए-१०१ काका: वोलॅस्टन नावाचा शास्त्रज्ञ सांगायचा, त्याच्याकडे बघूच नका. समोर कुणी नाही असं समजून हवेत बोला, मग तो कदाचित बोलायला लागेल.

सी-५०१: मीच शिष्ट म्हणाले होते. चुकलंच माझं. बाळा, सॉरी. उद्यापासून लिफ्टमध्ये मी इंडिकेटरकडे बघत बोलेन.

बी-३०२: हसला! काका, त्याला ते गोळ्यांचं उपकरण घरी करून बघायचंय. तुम्हाला विचारायचंय, पण बेल वाजवायला लाजतोय. चिठ्ठी टाकली तर चालेल का म्हणतोय.

ए-१०१ काका: चालेल की! दाराखालून सरकव म्हणावं. उत्तरही चिठ्ठीवरच देतो. तार माझ्याकडे आहे, शिशाचं बघावं लागेल.