सामान्य वापरकर्त्यांचे सबव्हॉल्यूम, स्नॅपशॉट आणि कोटा

प्रश्न (शिवाजीनगर, पुणे)
आमच्या महाविद्यालयातील सामायिक सर्व्हरवर बीटीआरएफएस (लिनक्सची एक फाइलप्रणाली) असून प्रत्येक विद्यार्थ्याचे होम (त्याच्या फाइलींची डिरेक्टरी) हे स्वतंत्र सबव्हॉल्यूम (फाइलप्रणालीतील स्वतंत्र विभाग) आहे व त्यावर ५० जीबीची मर्यादा घातलेली आहे. तरीही एका विद्यार्थ्याने होममध्येच नवे सबव्हॉल्यूम तयार करून त्यात मर्यादेपलीकडचा डेटा साठवला. शिवाय स्वतः घेतलेले स्नॅपशॉट (सबव्हॉल्यूमच्या त्या क्षणीच्या प्रती) विद्यार्थ्यांना काढून टाकता येत नाहीत. सबव्हॉल्यूम करण्याची मुभा न काढता यावर उपाय आहे का? लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१ आहे.

उत्तर १
खरी मेख अशी आहे, की आपली मर्यादा व्यक्तीवर नसून एका सबव्हॉल्यूमवर आहे. यूजर-आयडीनुसार चालणारा नेहमीचा कोटा बीटीआरएफएसमध्ये नाहीच. प्रत्येक नव्या सबव्हॉल्यूमला शून्य पातळीचा स्वतःचा क्यूग्रुप (जागेचा वापर मोजून मर्यादा घालण्याचा गट) मिळतो आणि त्यावर कोणतीही मर्यादा नसते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वरच्या पातळीचा क्यूग्रुप करावा, उदाहरणार्थ यूजर-आयडी १००१ असल्यास १/१००१ (पातळी/क्रमांक), आणि ५० जीबीची मर्यादा त्यावर घालून होम व त्याचे सर्व स्नॅपशॉट त्याला जोडावेत. होम आणि स्नॅपशॉट या दोहोंत असलेली फाइल त्या गटात एकदाच मोजली जाते, त्यामुळे स्नॅपशॉट घेताक्षणी वापर दुप्पट होत नाही.

मात्र विद्यार्थ्याने स्वतः केलेले सबव्हॉल्यूम ६.१ मध्ये आपोआप त्या गटात जात नाही. ते रूटच्या (प्रशासक खात्याच्या) स्क्रिप्टने शोधून जोडावे लागते, आणि नंतर जोडल्यास वापराची पुनर्मोजणीही करावी लागू शकते. कर्नल ६.७ पासून आलेल्या सिंपल कोटामध्ये आतले सबव्हॉल्यूम बाहेरच्याच्या गटात आपसूक जाते. माझ्या मते केवळ एवढ्यासाठीही कर्नल बदलणे योग्य ठरेल.

उत्तर २
स्नॅपशॉट काढून टाकण्याबाबत: फाइलप्रणाली माउंट करताना (जोडताना) ‘यूजर_सबव्हॉल_आरएम_अलाउड’ हा पर्याय द्यावा. तो नसला तरी ४.१८ पासून रिकामे सबव्हॉल्यूम साध्या डिरेक्टरीसारखे काढता येते, म्हणजे आतील सर्व फाइली पुसण्याची परवानगी असल्यास नेहमीचे ‘आरएम -आर’ (आतील सर्वासह पुसण्याची आज्ञा) चालते. केवळ-वाचनीय स्नॅपशॉटवर ते चालत नाही. मालकाने आधी त्याचा ‘आरओ’ गुणधर्म बंद करावा लागतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गट करून पाहिले. आता एका विद्यार्थ्याने मोठ्या फाइली पुसल्या, ‘डीयू’ (वापरलेली जागा मोजणारी आज्ञा) ३१ जीबी दाखवते, तरी कोटा संपल्याची त्रुटी येते.

उत्तर १
पुसलेल्या फाइली जुन्या स्नॅपशॉटमध्ये जिवंत आहेत आणि ‘डीयू’ केवळ होम मोजते. ‘क्यूग्रुप शो’ या आज्ञेतील १/१००१ ची ओळ पाहावी, ते स्नॅपशॉट काढल्याशिवाय जागा सुटणार नाही, आणि काढल्यावरही सफाई पार्श्वभूमीवर चालत असल्याने आकडा थोडा उशिरा खाली येतो.

उत्तर ३
एक बाब राहिली. स्नॅपशॉट घेताना फाइलींवर जी परवानगी होती तीच त्यात गोठते. विद्यार्थ्याने प्रकल्पाची फाइल ६४४ (सर्वांना वाचता येणारी) वरून ६०० (फक्त मालकाला वाचता येणारी) केली, तरी जुन्या स्नॅपशॉटमध्ये ती ६४४ च राहते आणि तिच्यापर्यंतच्या डिरेक्टरींत प्रवेश मोकळा असेल तर कोणालाही वाचता येते. यासाठी प्रत्येकाचे स्नॅपशॉट त्याच्याच मालकीच्या ७०० परवानगीच्या (फक्त मालकाला प्रवेश असलेल्या) डिरेक्टरीत ठेवावेत.