मखर गेलं, सोफा आहे

प्रेषक: श्रूजबरीकर
शुक्रवार, रात्री ११:४८
विषय: घरातलं सामान विकणे (तक्रार, जाहिरात नव्हे)

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आपल्या बॉस्टनच्या मंडळाच्या या ईमेल यादीवर वर्षातून एकदा मी 'वर्गणी पाठवली' एवढंच लिहितो, तेव्हा लांब पत्राबद्दल आधीच माफी. २१ ऑगस्टला आम्ही चौघं पुण्याला परत चाललो आहोत, कायमचे. पुस्तकं, सायकली आणि आईची पितळी भांडी जहाजाने जाणार. इथल्या १२० व्होल्टवर चालणारं काही तिकडच्या २३० मध्ये खुपसण्यात अर्थ नाही, म्हणून मिक्सर, मायक्रोवेव्ह, ट्रेडमिल सगळं विकायला काढलंय. शिवाय सोफा, पलंग, स्नो-ब्लोअर.

तीन आठवडे झाले ऑनलाइन बाजारात दुकान मांडून. सोफ्याचंच सांगतो. २०१९ साली २,१०० डॉलरला घेतलेला, ४५० ला लावला. पहिल्या तासात अकरा निरोप, सगळे एकाच चालीचे: 'अजून आहे का?' मी धावत उत्तर दिलं, 'हो, आहे. कधी येता?' अकराही जण गप्प. मला वाटलं माझंच काही चुकतंय, इंग्रजी उद्धट वाटतंय की काय. मग मुलीने समजावलं: बाबा, तो प्रश्न कोणी लिहीत नाही, तिथे तयार बटण असतं. बस थांब्यावर उभं राहून लोक अंगठा चाळवतात, त्यात आपला सोफा येतो.

जे खरंच बोलतात त्यांची तऱ्हा वेगळी. एकाने विचारलं, हाच सोफा राखाडी रंगात मिळेल का. एकाला तो ऱ्होड आयलंडात घरपोच हवा होता, तिसऱ्या मजल्यावर. स्नो-ब्लोअरला ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक कुठलं, तरी एकाने त्याच्या बदल्यात हवा भरायची होडी देऊ केली. ट्रेडमिलवाल्या बाईंनी चार वेळा वेळ ठरवली आणि चारही वेळा त्यांच्या घरी कोणीतरी आजारी पडलं.

परवा मात्र एक गृहस्थ ट्रक घेऊन खरोखर आले. ३०० वर ठरलं होतं. सोफ्यावर बसले, उशा उलटून पाहिल्या, खाली वाकून पाय पाहिले, आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, '१८०. ट्रकचं भाडं पडलंय ना.' तुमच्या ट्रकचं भाडं मी का द्यायचं? नाही म्हणालो. गेले. बायकोचं म्हणणं, १८० ला दिला असतास तर निदान हॉल मोकळा झाला असता. तेव्हापासून आम्ही दोघं त्याच सोफ्याच्या दोन टोकांना बसतो.

कोणाला काही युक्ती माहीत असेल तर सांगा.

आपला,
श्रूजबरीकर

---

प्रेषक: ॲक्टनकर काकू
शनिवार, सकाळी ६:१५

अरे श्रूजबरीकर,

सोफ्याची जाहिरात शोधून पाहिली. पहिल्याच फोटोत सोफ्याच्या पाठीवर टॉवेल वाळत पडलाय आणि कोपऱ्यात तुझा पाय दिसतोय. घेणाऱ्याला आधी तुझं घर दिसतं, मग सोफा. पडदे उघड, सकाळच्या उजेडात फोटो काढ. लांबी-रुंदी लिही, म्हणजे दारातून जाईल की नाही हे लोक तुला विचारत बसणार नाहीत. आणि २,१०० विसर. तो आकडा तुझ्या डोक्यात आहे, गिऱ्हाइकाच्या नाही.

आमच्या सदाशिव पेठेत बोहारीण यायची. आई चार जुनी पातळं आणि बाबांची विजार घेऊन दारात बसायची. बोहारीण एकेक कपडा उजेडात धरायची, विरलेलं कुठे ते बोटाने दाखवायची, आणि मग पिशवीतून सगळ्यात लहान पातेलं काढायची. आई म्हणायची, 'यात आमटी तरी मावेल का?' तासभर चालायचं. पण दोघी समोरासमोर, कपडा दोघींच्या हातात. तुमच्याकडे वस्तू न बघताच भाव पाडतात आणि बघितल्यावर पुन्हा पाडतात. म्हणजे एकाच सोफ्याची दोनदा घासाघीस.

पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. तीन आठवडे परक्यांच्या हातापाया पडतोयस, आपल्या यादीवर आधी का नाही टाकलंस? इथे दर आठवड्याला कोणीतरी नवीन येतं.

काकू

---

प्रेषक: बर्लिंग्टनकर
शनिवार, सकाळी ९:३०

नमस्कार,

न येणारे लोक परवडले. येतो म्हणणाऱ्यांपासून जपा. गेल्या वर्षी आईबाबांचं घर आवरताना हे सगळे प्रकार पाहिले, म्हणून लिहितो.

कोणी म्हणालं, 'तुम्ही खरे आहात ना ते बघायला सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांगा', तर सांगू नका. तो कोड बहुतेक वेळा गूगल व्हॉइस या फोन नंबर देणाऱ्या सेवेचा असतो. सांगितलात की तुमच्या फोनच्या आधारावर त्याच्या नावे एक नंबर सुरू होतो आणि पुढच्या माणसाला तो त्या नंबरवरून गंडवतो.

कोणी वस्तू न बघता पूर्ण किमतीचा कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावे काढलेला) पाठवतो, तोही जास्तीचा, 'वरचे पैसे माझ्या हमालाला द्या' म्हणून. चेक भरल्यावर एक-दोन दिवसांत पैसे खात्यात दिसतात, कारण ते लवकर मोकळे करण्याचं बंधन बँकेवर असतं. खात्यात दिसले म्हणजे वटले असं मात्र नाही. चेक खोटा असल्याचं काही आठवड्यांनी कळतं, तोवर हमाल पसार आणि भरपाई तुमच्या माथी.

तिसरा प्रकार माझ्या बाबांवरच झाला. 'झेलने (फोनवरून थेट बँक खात्यात पैसे पाठवायची इथली सोय) पैसे पाठवलेत' असा निरोप आला आणि लगोलग एक ईमेल: तुमचं खातं साधं आहे, व्यापारी करावं लागेल, त्यासाठी घेणाऱ्याने ३०० डॉलर जादा भरलेत, ते त्याला परत करा. ईमेल अर्थातच त्या ठगाचीच. बाबा आयुष्यभर स्लिपमध्ये उभे राहिलेले. ईमेल वाचून ते म्हणाले, 'चेंडू आलाच नाही, मग झेल घेऊ कसा?' आणि बँकेचं ॲप उघडून पाहिलं. दमडी आली नव्हती. एवढंच करायचं: पैसे आले का ते आपल्या बँकेत बघायचं, दुसऱ्याच्या ईमेलमध्ये नाही.

रोख घ्या. दिवसाउजेडी या म्हणा. बऱ्याच गावांत पोलीस ठाण्याच्या आवारात अशा देवघेवीला जागा ठेवलेली असते, लहान वस्तूंना ती बरी. सोफा तिथे नेणं अवघड, हे मान्य.

जाता जाता: माळ्यावर मुलांचा जुना पाळणा असेल आणि त्याची कड खाली सरकत असेल, तर तो विकू नका. २८ जून २०११ पासून तसे पाळणे इथे विकता येत नाहीत, जुने म्हणूनसुद्धा नाहीत. आणि मुलांच्या कारसीटच्या तळाशी मुदत छापलेली असते, ती बघा.

बर्लिंग्टनकर

---

प्रेषक: ऑलस्टनकर (विद्यार्थी)
शनिवार, दुपारी २:०५

काका, मी यादीवर नवीन आहे, बोललो तर चालेल ना?

तुमचा सोफा का जात नाही ते सांगू? इथे बॉस्टनमध्ये बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला बदलतात. त्या दोन दिवसांत आमच्या ऑलस्टनमधल्या फुटपाथवर सोफे, टेबलं, दिवे, टीव्ही, सगळं फुकट पडलेलं असतं. त्याला 'ऑलस्टन ख्रिसमस' असंच नाव आहे. ज्याला घाई नाही तो ऑगस्टमध्ये सोफ्याला पैसे देत नाही.

गेल्या वर्षी मीही एक उचलून आणला, फुकट ते पौष्टिक म्हणत. तीन रात्रींनी कळलं, आत ढेकूण होते. सोफा परत फुटपाथवर. या वेळी त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

म्हणून जाहिरातीत 'घरात ढेकूण नाहीत, पाळीव प्राणी नाहीत' असं लिहा. १ सप्टेंबरला पोळलेल्यांना त्याची किंमत कळते.

तुमच्या पलंगाची गादी मला हवी आहे. गाडी नाही, पण मित्राची मिळेल.

---

प्रेषक: श्रूजबरीकर
शनिवार, रात्री १०:२०

ऑलस्टनकर, गादी तुझी. पैसे नकोत, उलट तूच माझं काम करतोयस. नोव्हेंबर २०२२ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये गादी कचऱ्यात टाकता येत नाही, पुनर्वापराला द्यावी लागते आणि त्याचे पैसे आपणच भरायचे. तुला जेवायलाही घालतो.

बर्लिंग्टनकर, आभार. सहा आकडी कोड मागणारा मलाही भेटला होता. मी त्याला आमचा जुना पुण्याचा पिनकोड दिला. तो गेला.

काकू, यादीवर का नाही टाकलं ते सांगतो, पण रागावू नका. दोन वर्षांपूर्वी जेवणाचं टेबल टाकलं होतं. मंडळातलंच एक कुटुंब आलं, नावं घेत नाही, फार चांगली माणसं. चहा झाला, पोहे झाले, मुलांच्या शाळा झाल्या, टेबलाकडे शेवटी वळलो. 'किती द्यायचे?' मनात २०० होते. तोंडातून आलं, 'अहो, द्या काय वाटेल ते.' ते म्हणाले, 'नाही नाही, तुम्ही सांगा.' असं पाच वेळा. शेवटी ६० डॉलर आणि एक डबा चकल्या. तेही ठीक. पण तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला ते भेटतात आणि म्हणतात, 'तुमचं टेबल डुगडुगतंय हो.' टेबल दोन वर्षं त्यांच्या घरात आहे, तरी डुगडुगलं की ते माझं असतं.

परक्या माणसाला '४५०' म्हणताना जीभ अडखळत नाही. तो नाही म्हणाला तर गणपतीच्या आरतीला शेजारी उभा राहणार नसतो. १८० म्हणणारा तो ट्रकवाला, त्याचा मला संताप आला, पण दार लावल्यावर तो संपला. चकल्यांचा डबा परत द्यायचा राहिलाय, तो अजून संपलेला नाही.

असो. विक्री अगदीच शून्य नाही. मायक्रोवेव्ह गेला, दोन खुर्च्या गेल्या, मिक्सर गेला, मखर गेलं.

---

प्रेषक: ॲक्टनकर काकू
शनिवार, रात्री १०:३१

मखर विकलंस? ते घडीचं, कमानींचं? आपण सगळे ज्याच्यापुढे आरती करत आलो ते?

---

प्रेषक: श्रूजबरीकर
रविवार, सकाळी ८:५०

हो काकू, तेच. २०१३ मध्ये गराजमध्ये केलेलं.

ते जहाजात घालायला चार फुटांची वेगळी पेटी करावी लागली असती. जाहिरातीत मखराला काय म्हणायचं हेही कळेना, म्हणून 'लाकडी कमान, घडीची, हाताने केलेली, ४० डॉलर' असं लिहिलं. दोन दिवस कोणी 'अजून आहे का'सुद्धा विचारलं नाही. मग फ्रेमिंगहॅमहून एक ब्राझिलियन बाई आल्या, सोबत इंग्रजी बोलायला मुलगी. ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी. त्यांच्या घरात आपारेसिदा माउलीची, म्हणजे ब्राझीलमधल्या मेरी मातेची, मूर्ती आहे, १२ ऑक्टोबरला तिचा सण असतो, त्यासाठी त्यांना देव्हाऱ्यासारखं काहीतरी हवं होतं. मुलगी सांगत होती, मूळ मूर्ती १७१७ साली नदीत कोळ्यांच्या जाळ्यात सापडली. मी म्हटलं, आमचे देव वर्षातून एकदा पाण्यात सोडतात, तुमची देवी पाण्यातून वर आली. तिने ते आईला पोर्तुगीजमध्ये सांगितलं. बाई हसल्या आणि किती दिवस ठेवता, गोड काय करता, असलं बरंच विचारत बसल्या.

मी घडी कशी घालायची ते दाखवलं. एक बिजागरी अडकते, तिला मेण लावावं लागतं, तेही सांगितलं. त्यांनी भाव केला नाही. वीसच्या दोन नोटा, आधीच घडी करून आणलेल्या. निळा रंग देणार म्हणाल्या. बायकोला ते ऐकून जरा कसंतरी झालं. गाडी वळेपर्यंत ती दारातच उभी होती.

यादीवर विचारलं असतं तर तुम्ही घेतलं असतंत, हे मला माहीत आहे. आणि मी पैसे घेतले नसते, हेही. आणि मग दरवर्षी तुम्ही फोटो पाठवला असता आणि मी तिकडे पुण्यात बसून ती बिजागरी नीट बसलीय की नाही ते बघत राहिलो असतो.

दोन पाट आणि सागवानी चौरंग उरलाय. चौरंग तुमच्यासाठी ठेवू?

---

प्रेषक: यादी व्यवस्थापक
रविवार, सकाळी ९:१०

मंडळी, चर्चा छान आहे, पण विषयाच्या ओळीत अजून 'जाहिरात नव्हे' असं आहे आणि खाली उघड उघड चौरंग विकला जातोय. नियमाप्रमाणे विक्रीचं पत्र वेगळं टाकावं. (पाट मला हवेत.)

---

प्रेषक: ॲक्टनकर काकू
रविवार, सकाळी ९:२२

चौरंग ठेव. पण आकडा सांग. 'द्या काय वाटेल ते' म्हणालास तर मी येणार नाही.

---

प्रेषक: श्रूजबरीकर
रविवार, सकाळी ९:२५

पंचवीस डॉलर.

---

प्रेषक: ॲक्टनकर काकू
रविवार, सकाळी ९:२६

पंधरा. आणि डुगडुगला तर फोन करीन.

---

प्रेषक: श्रूजबरीकर
रविवार, सकाळी ९:३१

पंधरा चालेल, पण आल्यासरशी काकांनी सोफ्याचं एक टोक धरून गराजपर्यंत न्यायला मदत करायची. दुपारी १८० वाला परत येतोय.

---

प्रेषक: ॲक्टनकर काकू
रविवार, सकाळी ९:३३

काकांची पाठ बघता पंचवीस.