दिवाळीनंतर गाडीने कोकण किनारा, दोघंच, निवांत: कुठून कुठपर्यंत जावं?

सुमेधा_के
नमस्कार मंडळी. दिवाळी उरकली की मी आणि नवरा गाडी घेऊन कोकणात समुद्राच्या कडेकडेने जावं म्हणतोय. पुण्याहून निघणार, हाताशी आठवडाभर आहे. दोघंही पन्नाशीच्या पुढचे, पोरं बाहेर, त्यामुळे कुणाची घाई नाही आणि कुणाला बनाना राइड नकोय. गाडी वॅगनआर. खोलीला दिवसाला दोन हजार, फार तर अडीच, त्यावर जायचं नाही. एसी नसला तरी चालेल पण बाथरूम स्वच्छ पाहिजे आणि सकाळी चहा घेऊन बसायला पडवी असली तर उत्तम. रात्री गाडी चालवायची नाही, समोरच्या दिव्यांचा ह्यांना त्रास होतो. डोक्यात श्रीवर्धन ते वेंगुर्ला आहे पण तेवढं जमेल का? कुठे पूल आहे आणि कुठे बोट तेही नीट कळत नाहीये. प्लीज नुसती रिसॉर्टची नावं देऊ नका.

डिझेलदादा
न जमायला काय झालं. आम्ही थार घेऊन पुण्याहून निघालो, दुसऱ्या दिवशी रात्री गोव्यात. मधे जंजिरा, हर्णे, गणपतीपुळे, मालवण सगळं केलं. तुमच्याकडे तर आठवडा आहे. फक्त वॅगनआर नको हो, भाड्याने एखादी एसयूव्ही घ्या, रस्त्यांची काय अवस्था आहे माहितीये ना.

निशिगंध२२
दापोलीजवळ आम्ही उतरलो होतो ते रिसॉर्ट अप्रतिम आहे, समोर समुद्र, स्वतःचा स्विमिंग पूल, नाश्ता धरून साडेसात हजार. एकदाच जाताय तर पैशाकडे बघू नका. नाव व्यनि (खाजगी निरोप) करते.

गाडीवान
^^ ताईंनी अडीच हजार लिहिलंय.

निशिगंध२२
हो वाचलं, म्हणून तर म्हटलं एकदाच जाताय तर.

खाडीपलीकडे
मी गुहागर तालुक्यातलाच, म्हणून बोटींचं सांगतो. उत्तरेकडून खाली येताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड एवढ्या फेरीबोटी लागतात, सगळ्यांवर गाडी चढते. पुण्याहून ताम्हिणीने उतरून माणगाव-म्हसळ्यावरून श्रीवर्धनला आलात तर आगरदांडा लागतच नाही, ती मुरूड-जंजिऱ्याकडून येणाऱ्यांसाठी. जयगडच्या खाली मात्र रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, देवगड करत थेट वेंगुर्ल्यापर्यंत पुलांवरून जाता येतं. नवीन पुलांच्या बातम्या येत राहतात, काही ठिकाणी कामं चालू आहेत, पण तुम्ही बोट धरूनच हिशोब करा. दाभोळची बोट चुकली तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागरला यायचं म्हणजे शंभरेक किलोमीटरचा वळसा. जयगडची चुकली तर तेवढं नाही, आबलोलीवरून भातगाव पुलाने गणपतीपुळ्याकडे जाता येतं. शेवटची बोट कधी ते आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या, नेटवरच्या वेळांवर जाऊ नका. सुटे पैसे जवळ ठेवा.
आणि श्रीवर्धन ते वेंगुर्ला आठवड्यात होतं, पण मग निवांत हा शब्द काढून टाका. या रस्त्याला तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरायचे, नकाशातला वेळ खरा मानू नका.

कोकणस्थ_पुणेकर
+१. सागरी महामार्ग नाव ऐकून लोकांना वाटतं मोठा हायवे असेल. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग म्हणजे बऱ्याच ठिकाणी एक गाडी जाईल एवढा गावातला रस्ता, एका बाजूला चिऱ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी माडाची बाग. समोरून एसटी आली की कुणीतरी मागे घ्यायचं, आणि एसटी कधीच घेत नाही.

डिझेलदादा
म्हणूनच एसयूव्ही.

कोकणस्थ_पुणेकर
म्हणूनच वॅगनआर. रुंद गाडी घेऊन गल्लीत काय करणार? गावातली माणसं अल्टो आणि रिक्षाच चालवतात.

तिखटमीठ
बोटीचा आमचा अनुभव सांगते. ओहोटी होती, जेट्टीचा उतार अगदी तिरका झालेला, त्यात बोटीवरच्या पोराने आमची सेडान रिव्हर्समध्ये चढवायला लावली. मागचा बंपर रॅम्पला घासून निघाला आणि तो पोरगा वर म्हणतो कसा, मॅडम काय नाय होत. नंतर पुण्यात बंपरला जे काय बिल आलं ते विचारू नका. तेव्हापासून आमचे हे बोट म्हटलं की मुंबई-गोवा हायवेनेच जाऊ म्हणतात.

गाडीवान
सेडानला होतं असं. वॅगनआर उंच आहे, काळजी नको. पण ताई, गाडीतून उतरून मागे उभ्या राहा आणि स्वतः सांगा किती मागे यायचं ते. तिथला माणूस घाईत असतो, त्याला पुढची गाडी दिसत असते.

विजेरी
आम्ही ईव्हीने गेलो होतो. एका हॉटेलच्या आवारातला चार्जर ॲपवर चालू दाखवत होता, प्रत्यक्षात त्यावर टॉवेल वाळत घातलेले. शेवटी घरगुती सॉकेटवर रात्रभर लावली. पण सांगू का, समुद्राच्या कडेने इंजिनचा आवाज नाही, खिडक्या उघड्या, ते सुख पेट्रोलवाल्यांना कळणार नाही.

डिझेलदादा
टॉवेल वाळायला तरी उपयोग झाला.

विजेरी
तुमच्या डिझेलचं आम्ही काही बोललो का?

गाडीवान
झालं, धाग्याचं काश्मीर सुरू. ताई, पेट्रोलचं एवढंच लक्षात ठेवा, टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरा. किनाऱ्याच्या गावांत पंप नसतो, तालुक्याच्या गावाला असतो.

मालवणचोझील
वरचो अर्धो भाग सोडून द्या आणि थेट तारकर्ली. बाकी सगळे समुद्र एका बाजूक. सिंधुदुर्ग किल्ला, देवबाग, भोगवे, निवती. दिवाळीनंतर पाणी निवळू लागतं, स्कूबा करून घ्या.

निशिगंध२२
तारकर्ली मस्तच. माझ्या वहिनीनेही स्कूबा केलं, तिला पोहता येत नाही तरी.

ऐनेमहाल
तारकर्ली +१. रांगणारी पोरं घेऊन गेलो होतो तरी मजा आली.

सुमेधा_के
सगळ्यांचे आभार. खाडीपलीकडे दादा, बोटींचं आता नीट कळलं. स्कूबा वगैरे नको हो, आम्हाला बसायचंय नुसतं. तारकर्लीला दिवाळीच्या सुट्टीत गर्दी असते असं ऐकलंय, खरं आहे का? आणि खोलीचं बजेट अडीच हजारच आहे.

मालवणचोझील
गर्दी असतलीच. चांगल्या जागी गर्दी असताच.

कोकणस्थ_पुणेकर
शाळांची सुट्टी संपेपर्यंत थांबा. दिवाळीच्या आठवड्यात अडीच हजाराची खोली पाच हजाराला जाते. सुट्टीनंतर मधल्या वारी गेलात तर तीच खोली मालक स्वतःहून कमी करून देतो. ऑक्टोबरातला घामही तोवर गेलेला असतो. घरगुती ठिकाणी राहा आणि जेवण आधी सांगा, म्हणजे दुपारचं सकाळी आणि रात्रीचं दुपारी. संध्याकाळी सातला जाऊन काय आहे विचारलंत तर काही नसतं, त्यांनी तुमच्यासाठी मासळी आणून ठेवलेली नसते. आम्ही एके ठिकाणी न सांगता गेलो, तर काकूंनी त्यांच्या घरातला मऊ भात आणि मेतकूट वाढलं. चांगलं होतं, पण नवऱ्याचा सुरमईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

थोरलीपाती
एक गोष्ट कुणी बोललं नाही. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला जाणार म्हणजे समुद्र पश्चिमेला, उजव्या हाताला. आपण चालवतो डावीकडून. म्हणजे समुद्र ड्रायव्हरच्या बाजूला आणि मधे समोरून येणारी गाडी. शेजारी बसलेल्याला दिसतो तो डोंगर. उलटं जा, खालून वर. समुद्र डाव्या खिडकीत येतो, हवं तिथे डावीकडेच गाडी थांबवता येते, रस्ता ओलांडावा लागत नाही. आरे-वारेच्या वळणांवर हा फरक कळतो, गाडी वर चढते आणि खाली दोन्ही किनारे एकदम उघडतात. चालवणारा तेव्हा रस्त्याकडे बघत असतो, बघू दे. दुसऱ्याला तरी नीट दिसावं.

तिखटमीठ
हे बरोबर आहे. पण दुपारनंतर ऊन पण डाव्याच खिडकीतून तोंडावर येतं बरं का. सनशेड न्या.

थोरलीपाती
ओढणी लावायची खिडकीला. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तसंही साडेचारनंतर गाडी चालवायची नाहीच.

इतिहासप्रेमी
विजयदुर्ग चुकवू नका. जगातला हीलियमचा शोध याच किल्ल्यावर १८६८ साली लागला. तिथे साहेबाचे ओटे आहेत, त्यावर दुर्बीण ठेवून लॉकियर साहेबाने शोध लावला. आपल्या लोकांना माहीत नसतं.

गाडीवान
हे सगळीकडे छापून येतं पण बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा, जिच्यावरून पुढे हीलियम ओळखला गेला, बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता, त्याने ऑक्टोबरात ग्रहणाशिवायच ती रेषा पाहिली. विजयदुर्गला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

इतिहासप्रेमी
म्हणजे आला होता ना.

गाडीवान
तीस वर्षांनी.

इतिहासप्रेमी
तुम्हाला आपल्या किल्ल्याचं कौतुक नकोच असतं. बरं, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला हे तरी मान्य आहे का?

गाडीवान
ते मान्य. या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत त्यात. जंजिरा नाही, कारण यादी मराठ्यांच्या किल्ल्यांची आहे.

डिझेलदादा
ताई ट्रिपला चालल्यात का परीक्षेला?

खाडीपलीकडे
किल्ल्यांवरून आठवलं. हर्णैला सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून दिसतो आणि बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. होड्या लागतात, बैलगाडीतून टोपल्या येतात, बोली लागते. बघण्यासारखं आहे पण चपला जुन्या घाला.

माहेरवाशीण_राजापूर
मी आपलं आमच्या बाजूचं सांगते, तिकडे कुणी जात नाही म्हणून. पूर्णगडचा पूल ओलांडला की गावखडी, सुरूचं बन आणि लांब किनारा. तिथून कशेळीला कनकादित्याचं देऊळ, सूर्याची देवळं आपल्याकडे कमीच. आडिवऱ्याची महाकाली. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कोरलेला हत्ती आहे, तो एवढा मोठा की जवळ उभं राहून कळत नाही, रेघ कुठे चाललीय ते बोट दाखवून कुणीतरी सांगावं लागतं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पावसाळ्यात हिरवा असलेला सडा नोव्हेंबरात सगळा सोनेरी गवताचा होतो, वारा आला की बघत बसावं. किनाऱ्यावर टपऱ्या नाहीत, शहाळं विकणारासुद्धा सापडेल असं नाही. माझ्या सासरच्यांना दाखवलं तर म्हणाले, इथे करायचं काय?

डिझेलदादा
खरंच आहे, करायचं काय? गणपतीपुळ्याला निदान रेस्टॉरंट आहेत. किनारे मस्त असले की आम्ही थार सरळ वाळूत घालतो, फोटो टाकतो थांबा.

खाडीपलीकडे
नका टाकू. भरतीच्या वेळी रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने आम्हीच काढतो. आणि आमच्या काही किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात.

डिझेलदादा
माझी कधी रुतली नाही. एकदाच रुतली.

निशिगंध२२
ताई व्यनि बघितलात का? आता दिवाळी ऑफर लागली आहे, सहा हजार नऊशे.

सुमेधा_के
ठरलं एकदाचं, सांगते. श्रीवर्धन नाही, दापोली नाही आणि मालवणचोझील दादा रागावू नका, तारकर्ली पण नाही. शाळा सुरू झाल्यावरच्या सोमवारी निघणार. कोल्हापूरला नणंदेकडे एक रात्र, मग गगनबावडा, तळेरे करून विजयदुर्ग. तिथून वर, समुद्र डाव्या हाताला धरून. कशेळी-गावखडी बाजूला तीन रात्री एकाच घरात, खोली पंधराशेची, पडवी आहे. समुद्र दिसत नाही, दहा मिनिटं चालत आहे. ह्यांचं म्हणणं की दिसत असला तर उठून जाणारच नाही. पुढे पावस, आरे-वारे, मालगुंड, जयगडची एकच बोट, हेदवीला दोन रात्री आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने परत. बोटीवर चढवताना मी मागे उभी राहणार, तिखटमीठ ताईंचा बंपर लक्षात आहे.

मालवणचोझील
पंधराशेत समुद्र दिसणा नाय, मग कोकणात जाऊन उपेग काय? पुढच्या टायमाक तरी या.

डिझेलदादा
तीन रात्री एका गावात!! आम्ही तेवढ्यात कन्याकुमारी गाठली असती.

माहेरवाशीण_राजापूर
सुमेधाताई, विजयदुर्गहून जैतापूरकडे यायला खाडीचा वळसा आहे, समोर दिसतं म्हणून जवळ समजू नका, विजयदुर्गहून सकाळीच निघा. आणि कातळशिल्पाला उन्हं कलली की जा, भर दुपारी रेषा दिसत नाहीत आणि पाय भाजतात.

सुमेधा_के
थँक यू गं. हत्तीपाशी बोट दाखवायला कुणी भेटेल का तिथे?

माहेरवाशीण_राजापूर
माझा चुलतभाऊ. त्याला सांगून ठेवते. फार बोलतो पण.

प्रवासी_नवा
पूर्ण धागा वाचला नाही. आम्ही सहा मोठे, दोन लहान आणि एक लॅब्रॅडॉर, पुढच्या शनिवारी निघतोय, बोटीवर कुत्रा घेतात का? आणि दाभोळहून गुहागरला पूल झाला ना आता?